घोड्याच्या पायाखालचं रबर: मॅट घेण्याआधी काय बघायचं

घोडा बसलेला असताना उठतो कसा, हे एकदा सावकाश बघा. आधी तो पुढचे दोन्ही पाय समोर ताणून रोवतो, मान वर घेतो आणि मग मागच्या पायांनी एकदम रेटा देऊन उभा राहतो. गायीचं बरोबर उलटं, ती आधी मागून उठते. घोडा उठतो त्या क्षणी साडेतीनशे-चारशे किलोच्या अंगाचा जोर मागच्या दोन टापांच्या टोकांवर आलेला असतो. नाल ठोकलेले असतील तर लोखंडाच्या बोटभर रुंद पट्टीवर. खाली ओला, गुळगुळीत कोबा असेल तर ती पट्टी सरकणारच.

आमच्या पागेत हेच झालं. पागा बांधताना मी हौसेने कोबा घालून घेतला होता, वरून सिमेंटचं पाणी मारून तुळतुळीत घोटलेला. धुवायला सोपा, दिसायला स्वच्छ. आमच्या मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, आम्ही सगळे मामा म्हणतो. ते तेव्हाच म्हणाले होते, "ताई, हे माणसांचं घर झालं. घोड्याला मुरूमच राहू द्या." मी ऐकलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री घोडी उठताना घसरली. मागच्या पायाचा सांधा सोलवटला. पण त्याहून वाईट पुढे झालं. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे ती बसलीच नाही. रात्रभर उभी. दिवसा डोळे मिटायचे, मान खाली जायची आणि पुढचे गुडघे एकदम लटपटायचे.

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे खरं आहे. त्याच्या पायांतले स्नायुबंध सांध्यांना जणू कुलूप घालतात, त्यामुळे स्नायूंना फारसे कष्ट न पडता त्याला डुलकी काढता येते. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, कारण त्या झोपेत अंगातले स्नायू पार सैल पडतात. ही झोप दिवसाकाठी अर्धा ते एक तासच लागते, पण ती लागतेच. जमिनीची भीती बसलेला घोडा आडवा होत नाही, आणि मग उभ्यानेच कोसळायला लागतो. पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर, समोरच्या बाजूला पुन्हा पुन्हा खरचटल्याच्या खुणा दिसल्या, तर एकदा हा संशय घ्यावा.

म्हणून ठाणाच्या, म्हणजे पागेत घोडा ठेवायच्या जागेच्या, जमिनीची पहिली परीक्षा एवढीच: घोडा तिच्यावर निर्धास्त बसतो का, आणि न घसरता उठतो का. मऊपणा, ऊब, धुण्याची सोय हे सगळं त्याच्यानंतर. रबर मॅटकडे गादी म्हणून बघितलं की निवड चुकते. मॅट आधी पकड देते, मग थोडा धक्का जिरवते आणि थंड, ओल्या फरशीपासून अंग वेगळं ठेवते. ऊस-बागायतीतल्या गोठ्यांत जशी मॅट दिसते तशी दिसली, म्हणून तीच चालेल असं नाही.

आधी मॅटखाली बघा

घोडी घसरल्यावर मी घाईघाईने मॅट आणल्या आणि त्याच कोब्यावर पसरल्या. वरून सगळं छान दिसत होतं. दिवाळीनंतर मामांनी आणि मी मिळून एक कोपरा उचलला, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. खाली काळपट, बुळबुळीत थर, त्यात भिजून लगदा झालेला भुसा आणि माश्यांच्या अळ्या. कोब्याला उतारच नव्हता. सांध्यांतून झिरपलेलं मूत्र खाली जाऊन तिथेच साचत होतं.

घोडा दिवसाला साधारण पाच ते दहा लिटर मूत्र टाकतो. त्यातल्या युरियावर जिवाणू काम करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो, तोच नाकाला झोंबणारा वास. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, तो फक्त नाकाने घेतो. खाली पडलेला चारा वेचताना किंवा बसलेला असताना ते नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. आपण उभ्याने आत जाऊन "वास नाही येत" म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. गुडघे टेकून जमिनीलगत दोन श्वास घ्या, मग कळतं आपला घोडा रात्रभर काय हुंगतो ते.

तेव्हा मॅटचे पैसे मोजण्याआधी खालची जमीन नीट करा. दर पाच-सहा फुटांना एक इंच, एवढा उतार पुरतो. यापेक्षा जास्त दिला तर घोड्याला सतत चढावर उभं राहिल्यासारखं होतं. पाणी ठाणाबाहेरच्या उघड्या नालीत जावं. ठाणाच्या मधोमध जाळी लावून खाली गटार करण्याचा मोह आवरा. लीद आणि भुशाने ती जाळी महिन्याभरात तुंबते आणि साफ करायची म्हटली की सगळ्या मॅट उचलाव्या लागतात. कोबा करायचाच असेल तर घोटू नका, ओला असतानाच खराट्याने रेघा मारून खरबरीत ठेवा. शहाबादी फरशी आधीच असेल तर ती काढायची गरज नाही, पण तिच्यावर मॅट सरकतात, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसतील अशाच लागतात. मुरूम किंवा खडीक्रशरची कच चांगली धुम्मस करून, सपाट करून त्यावरही मॅट टाकता येतात. तिथे फक्त जाड आणि जड मॅटच टिकतात, कारण खालचा खड्डा वर दिसायला लागला की मॅटची कड उचलते आणि उचललेल्या कडेला नाल अडकतो.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. घोडे एक-दोनच असतील, दिवसाचा बराच वेळ ते बाहेर मोकळे असतील, आणि मुरूम रोज उकरून, सुकवून, पुन्हा ठोकणारं हाताशी कोणी असेल, तर रबराची गरजच नाही. मुरमाची जमीन घोड्याला आवडते, पाणी पिते आणि टापेला धरते. मॅट कामाला येते ती जमीन आधीच टणक असेल, घोडे तासन्‌तास ठाणबंद असतील, किंवा घोडे जास्त आणि हात कमी असतील तिथे.

मॅट हातात घेऊन बघताना

बाजारात सगळ्याला रबर मॅटच म्हणतात, पण आत तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे गंधक घालून, उष्णता आणि दाब देऊन साच्यात पक्की केलेली अखंड मॅट. अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेली युक्ती तीच: कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं, गंधकाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की ते लवचीक राहतं. अशा मॅटमधून पाणी आरपार जात नाही. ठाणासाठी हीच.

दुसरी जुन्या टायरचे तुकडे गोंदासारख्या पॉलियुरेथेनने चिकटवून केलेली. जवळून बघितली तर दाणे दिसतात. जिममध्ये, मुलांच्या बागेत ती छान चालते. ठाणात मात्र मूत्र तिच्या छिद्रांत शिरतं आणि नालाची टोकं दाणे उपटायला लागतात. तिसरी ईव्हीएची, चपलेच्या तळव्यासारखी फोमची. वजनाला हलकी, ऊबदार, मऊ. बिनानालाच्या, शांत घोड्याला, किंवा आजारी घोड्याला काही दिवसांसाठी उत्तम. पण पुढचा पाय आपटणारा घोडा ती एका हंगामात फाडतो. आणि चौथी म्हणजे कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट. स्वस्त पडतो म्हणून बरेच जण आणतात. त्याच्यावर नक्षी नसते, ओला झाला की तो घोटलेल्या कोब्यासारखाच होतो, आणि कड झिजल्यावर आतले धागे किंवा तारा बाहेर येतात. त्या तारांवर घोड्याला बसवू नका.

गायींसाठी मिळणाऱ्या मॅट वाईट नसतात, सरकारी योजनांमुळे आणि डेअऱ्यांमुळे त्या सहज मिळतातही. पण त्या नाल नसलेल्या, जागेवर रवंथ करत बसणाऱ्या जनावरासाठी केलेल्या असतात. घोडा टाप आपटतो, जागेवर गोल फिरतो, लोळतो. घ्यायच्याच असतील तर जाडीला सगळ्यात जास्त असतील त्या घ्या आणि वरची नक्षी उथळ आहे ना ते बघा. खोल खळगे असले की त्यांत लीद बसते आणि झाडूने निघत नाही.

ठाणासाठी १७ ते १८ मिलिमीटर जाडी हा बहुतेक ठिकाणी चालणारा आकडा. सहा बाय चार फुटांचा तुकडा सोयीचा, बारा बाय बारा फुटांच्या ठाणाला बरोबर सहा लागतात. आणि विक्रेता काहीही म्हणो, दुकानात वजनकाटा मागा. सहा बाय चार फूट, १७ मिलिमीटर म्हणजे आकारमान साधारण ३८ लिटर. चांगल्या रबराचं वजन लिटरला १.१ ते १.२ किलोच्या आसपास येतं, म्हणजे तुकडा ४२ ते ४५ किलोचा भरायला हवा; खालच्या बाजूला खाचा असतील तर थोडा कमी. तीसच किलो भरला तर तो आतून पोकळ किंवा फोमसारखा आहे. पण साठ किलो भरला तर खूश होऊ नका. त्यात खडूची किंवा मातीची भुकटी भरपूर घातलेली आहे, आणि अशी मॅट दुमडली की वळणावर पांढरट रेघा उमटतात, पुढे तिथेच चिरते. कोपरा दुमडून बघायला पैसे पडत नाहीत. नखाने जोरात खरवडा, भुगा निघाला तर परत ठेवा. वर थोडं पाणी ओतून तासाभराने मागची बाजू बघा.

कडकपणाचा एक आकडा माहितीपत्रकात असतो, शोर ए. ६० ते ७० हा गाडीच्या टायरच्या धावेसारखा कडकपणा, आणि घोड्यासाठी तो बरोबर आहे. फार मऊ मॅट पायाला बरी वाटते, पण नाल तिच्यात रुततो आणि वळताना टाप अडकते.

बसवताना आणि नंतर

रबर उन्हाने वाढतं. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पत्र्याखालच्या पागेत तीसेक अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात बारा फुटांच्या रांगेची लांबी एक-दीड सेंटिमीटरने वाढते. थंडीत भिंतीला भिडवून घट्ट बसवलेल्या मॅट उन्हाळ्यात मधोमध फुगतात ते यामुळेच. थंडीत बसवत असाल तर भिंतीकडे बोटभर फट ठेवा. कडक उन्हाळ्यात बसवत असाल तर घट्ट बसवा. नवीन तुकडे एक दिवस तिथेच मोकळे पसरून ठेवले की गुंडाळी आणि ताण निघून जातो. कापायला धारदार कटर, लोखंडी पट्टी आणि साबणाचं पाणी पुरतं. कापायची जागा खालून लाकडाने उचलून धरली की पातं अडकत नाही.

कोड्यासारख्या दातेरी कडा एकमेकींत अडकणाऱ्या मॅट ठाणासाठी चांगल्या. त्या सरकत नाहीत आणि सांधा घट्ट राहतो. तरीही मूत्र थोडं झिरपणारच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, मॅट उचलून खालची जमीन धुवून वाळवायची हे धरूनच चाला.

मॅट आली म्हणजे अंथरूण बंद, असं समजू नका. अंथरुणाचा खर्च बराच कमी होतो, पण संपत नाही. उघड्या रबरावर मूत्राचे शिंतोडे पायांवर उडतात, आणि ते आवडत नाही म्हणून कित्येक घोडे तासन्‌तास मूत्र धरून ठेवतात. मूत्र टाकण्याच्या जागेवर तरी लाकडाचा भुसा किंवा गव्हाचं काड घाला. भाताचं तूस स्वस्त असतं, पण ते पाणी फारसं शोषत नाही.

साफसफाईतली एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. मूत्राने भिजलेल्या मॅटवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो, तो माणसाच्या आणि घोड्याच्या फुप्फुसांना इजा करतो. आधी भरपूर पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, घोडा बाहेर काढा, आणि मगच जंतुनाशक.

घोडी व्यायला आली असेल तर त्या ठाणातल्या रबरावर काडाचा किंवा पेंढ्याचा चांगला जाड थर हवाच. शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहायला बघतं, आणि गर्भजलाने ओल्या झालेल्या रबरावर त्याचे लांबुडके पाय चार दिशांना जातात.

रिंगणात रबर म्हणजे वेगळीच गोष्ट

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. ठाणातली अखंड मॅट रिंगणात टाकायची नसते. रिंगणात, म्हणजे आता सगळे ज्याला अरीना म्हणतात तिथे, रबर येतं ते बारीक तुकड्यांच्या रूपात, वाळूत मिसळून. कामही वेगळं. चौखूर धावताना एका पायावर क्षणभर घोड्याच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याच्या एका टापेवर जवळजवळ एक टन. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, पुढाकाराने २०१४ मध्ये रिंगणाच्या जमिनीवर सविस्तर अहवाल निघाला. त्यात जमीन मुख्यतः या गोष्टींवर तोलली आहे: टाप पहिल्यांदा टेकते तेव्हा ती किती टणक लागते, पूर्ण भार आल्यावर किती जिरवते, उसळी किती परत देते, पकड किती, आणि सगळीकडे सारखी आहे का. यातली शेवटची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थोडी कडक पण सगळीकडे सारखी जमीन घोडा समजून घेतो. चार पावलं मऊ आणि पाचवं एकदम कडक, इथे त्याचा पाय फसतो.

पकडही हवी तेवढीच. टाप टेकताना किंचित पुढे सरकायला हवी, म्हणजे धक्का पसरतो. ती जागच्या जागी चिकटली की तो सगळा हिसका सांध्याला आणि स्नायुबंधांना बसतो.

रबराचे तुकडे वाळू घट्ट बसू देत नाहीत आणि थोडी उसळी देतात, हे खरं. पण टायरमध्ये पोलादी तारा असतात, आणि स्वस्त मालात त्या राहून जातात. बादलीभर माल पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवा. एक तार जरी चिकटली तरी तो माल परत पाठवा. दुसरं आपल्या पावसाचं. रबर वाळूच्या निम्म्याहूनही हलकं असतं, ते वर येतं आणि मुसळधार पावसाच्या लोटाबरोबर कडेला जाऊन साचतं. लोणावळ्याच्या बाजूला किंवा कोकणात उघड्या रिंगणात ते टाकणं म्हणजे दर पावसाळ्यानंतर पुन्हा गोळा करणं. उन्हाळ्यात काळं रबर तापतं ते वेगळंच. शिवाय एकदा वाळूत मिसळलेलं रबर पुन्हा वेगळं काढता येत नाही. कृत्रिम मैदानांतल्या अशा कणांच्या विक्रीवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये आठ वर्षांची मुदत देऊन बंदी आणली, ती ते माती-पाण्यात पसरतात म्हणूनच.

छोट्या रायडिंग स्कूलने माझं ऐकावं, तर रिंगणात रबर टाकूच नये. तो पैसा खालच्या निचऱ्यावर आणि चांगल्या धुतलेल्या, कोनेदार दाण्याच्या वाळूवर घालावा. काळ्या दगडाची क्रश सँड न धुता आणली तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. वाळूचा थर तीन-चार इंचांचा पुरे. ढोपरभर वाळूत घोडा दमतो आणि पायाच्या शिरा धरतात.

रबराचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, रिंगणापेक्षा पागेच्या वाटांवर, धुण्याच्या जागेवर, पाण्याच्या हौदाशी जास्त उपयोगी. माथेरानला लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला लागले, तेव्हा घोडेवाल्यांनी घोडे घसरतात म्हणून हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याने कधी नाल ठोकलेला घोडा ओल्या उतारावरून खाली उतरवलाय, त्याला ती हरकत लगेच पटेल.

गाडीत

सारंगखेड्याच्या यात्रेला, अकलूजच्या बाजाराला, माळेगावला घोडे येतात ते ट्रकमधून आणि टेम्पोतून, रात्रभराचा प्रवास करून. गाडीत घोडा बसत नाही. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला पाय फाकवून तो स्वतःला सावरत असतो. म्हणजे इथे मऊपणाला जवळजवळ काहीच किंमत नाही, पकड हेच सगळं. १० ते १२ मिलिमीटर जाडी पुरते. पट्ट्यांची नक्षी गाडीच्या लांबीला आडवी यायला हवी, उभी आली तर ब्रेक लागल्यावर टापा त्याच खाचांतून पुढे घसरतात.

गाडीच्या तळाच्या चेकर पत्र्यावर, म्हणजे उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्यावर, नाल म्हणजे लोखंडावर लोखंड: घसरण, खडखडाट आणि खालून येणारी थरथर. रबराने तिन्ही कमी होतात. फाळका खाली टाकून त्यावरून चढवत असाल तर तिथे रबर आणि वर आडव्या पट्ट्या, दोन्ही हवेत. फाळक्याचा पोकळ आवाज ऐकून कितीतरी घोडे चढायलाच तयार होत नाहीत. रबराने आवाज दबला की निम्मी झटापट तिथेच संपते.

पण गाडीत मॅट कधीच चिकटवून टाकू नका. मूत्र खाली जाऊन पत्रा गंजतो, फळ्या कुजतात, आणि वरून काळी कुळकुळीत मॅट असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. कुजलेल्या फळीतून चालत्या गाडीत घोड्याचा पाय खाली गेला तर पुढचं सांगायला नको. दर फेरीनंतर मॅट काढून उभ्या करून वाळवायच्या. १२ मिलिमीटरचा सहा बाय चारचा तुकडा तीसेक किलोचा होतो, म्हणून कोपऱ्यांना भोकं पाडून दोरी ओवून ठेवा, एकट्या माणसाला ओढता येतो. फळ्या असतील तर महिन्यातून एकदा गाडीखाली जाऊन पेचकस टोचून बघा. आत गेला तर ती फळी बदला.

घोडा चढवायच्या आधी मामा फाळक्यावर आणि आतल्या मॅटवर बादलीभर पाणी ओततात आणि स्वतः वहाणा काढून, पाय आपटत वर-खाली दोनदा चालतात. त्यांचा पाय जिथे सरकतो तिथे गोणपाट बांधतात. मगच म्हणतात, "हं, आता आणा तिला."